ओस्मोनकुलचा कमरपट्टा

चोन-बुलुंग गावात नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचं, गोल घर उभं करायचं असलं की पहिला निरोप ओस्मोनकुल यांना जायचा. जाळीच्या भिंती कुणीही उभ्या करतं, वासे कुणीही बांधतं. पण माथ्यावरचं लाकडी कडं, तुंदुक, बेचक्याच्या काठीवर तोलून वर धरायचं आणि सगळ्या बाजूंनी वासे त्याच्या भोकांत बसेपर्यंत तसूभर हलू द्यायचं नाही, हे एकट्या माणसाचं काम असतं. मोठ्या घराचं तुंदुक भरल्या अंगाच्या मेंढ्याइतकं जड असतं. ते पडलं तर डोकं फुटतंच, शिवाय त्या घराचं वाईट होतं असं लोक मानतात. त्यामुळे काठी कुणाच्या हातात द्यायची याबद्दल गावात फारशी चर्चा होत नसे.

तरुणपणी ते सामुदायिक शेतीच्या गोदामात लोकरीचे गठ्ठे वाहत. शेती मोडली, गोदामाचे पत्रे लोकांनी घरी नेले, तेव्हा त्यांच्या वाट्याला थोड्या मेंढ्या आणि एक म्हातारी घोडी आली. बोलणं कमी, चालणं ताठ. लग्न असो, बाळाचा समारंभ असो की मयत, नमद्याचं घर लागतंच आणि ओस्मोनकुल लागतातच. काम झालं की ते काठी जमिनीला टेकवून वर बघत. कड्यातून आभाळाचा गोल तुकडा दिसायचा. मग टोपी नीट करून बाहेर येत. शाबासकीची वाट पाहत नसत, पण ती मिळतेय याकडे त्यांचं लक्ष असे.

जांघेतली गाठ पहिल्यांदा लागली ती उन्हाळी कुरणावर, असंच एक तुंदुक पेलताना. उजव्या बाजूला काहीतरी सरकलं. दुखलं नाही. लघवीला गेल्यावर हाताला अक्रोडाएवढा मऊ फुगवटा लागला. आडवं झालं की आत जायचा, उभं राहिलं की पुन्हा यायचा. हर्निया, अंतर्गळ. तालुक्याच्या दवाखान्यात नेहमीची गोष्ट. सकाळी शस्त्रक्रिया, थोड्या दिवसांत घरी.

ओस्मोनकुल यांनी ती गोष्ट एकट्या बायकोला सांगितली, तीही बऱ्याच दिवसांनी.

"कुठे?" झूराने विचारलं.

"खाली."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली. आता काय चित्र काढून दाखवू?"

 झूराने नमद्याचा तळहाताएवढा तुकडा कापला, दुमडून जाड गादी केली आणि लोकरीच्या रुंद पट्ट्यात आतून शिवली. एक दोरी मांडीखालून मागे नेऊन पट्ट्याला बांधायची. गाठ आत ढकलायची, गादी त्यावर आवळायची, वरून रोजचा कमरेचा शेला गुंडाळायचा. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नसे. पुरुषाने कंबर घट्ट बांधावी ही आमच्याकडची रीतच आहे, त्यामुळे उलट लोक म्हणायचे, ओस्मोनकुल या वयातही कसा बांधेसूद राहिलाय.

पट्ट्याने गाठ बरी होत नाही, दिसायची बंद होते. त्या दोघांना तेवढंच हवं होतं.

मग धाकट्या मुलाचं, मिर्लानचं लग्न झालं. तालुक्याच्या शाळेत गणित शिकवणारा मिर्लान राजधानीत शिकलेली मुलगी घेऊन आला. बेगायिम. ती सर्जन होती. तालुक्याच्या दवाखान्यात रुजू झाली तेव्हा ओस्मोनकुल यांनी मेंढा कापला. बाजारात कुणी विचारलं, सून काय करते, तर ते "कापते" एवढंच म्हणत आणि समोरचा दचकला की मिशीत हसत.

घरात मात्र ती सून होती. डोक्याला रुमाल बांधून सकाळी सासऱ्यासमोर वाकायची, चहा ओतायची, निघताना पाठ न दाखवता दाराकडे सरकायची. सासऱ्याचं नाव तिने कधी उच्चारलं नाही. सुनेने ते उच्चारायचं नसतंच. ओस्मोनकुलही तिच्याशी थेट बोलत नसत. "म्हातारे, सांग तिला, चहात मीठ कमी आहे," असं तिच्यासमोरच म्हणत. झूरा ते पुन्हा सांगत नसे. बेगायिम मीठ आणून ठेवायची. दोघांनाही यात अवघड काही वाटत नव्हतं. एकमेकांना मान देण्याची ती सोपी पद्धत होती.

सुनेच्या येण्याने एकच बदल झाला. झूरा तो पट्टा धुतल्यावर अंगणातल्या दोरीवर टाकेनाशी झाली. उशीच्या अभ्र्यात घालून चुलीमागे वाळवू लागली. हर्नियाचे कितीतरी रोगी बेगायिमने त्या काळात बरे केले. घरातला एक रोगी रोज तिच्या हातचा चहा पीत होता.

त्या हिवाळ्यात सादिर वारला. सादिर ओस्मोनकुल यांचा जोडीदार, एकाच वर्षी जन्मलेला. अशा जोडीदारांना एकमेकांची वाटेल ती टिंगल करायची मुभा असते. तिघांचं त्रिकूट होतं: सादिर, ओस्मोनकुल आणि दुय्शो. मयताच्या अंगणात बर्फ बाजूला सारून नमद्याचं घर उभं करायचं होतं, प्रेत त्यात ठेवतात म्हणून. लाकूड गारठलेलं, हात बधिर. ओस्मोनकुल यांनी काठी घेतली आणि तुंदुक उचललं. एक वासा भोकात बसेना. ते धरून उभे राहिले. बसला तेव्हा पट्ट्याखाली काहीतरी गच्च झालं होतं.

गाठ आडवं पडूनच आत जायची. पण मयताच्या घरी आडवं कसं पडणार? पुरुष आपापल्या काठीला टेकून रांगेत उभे होते, येणाऱ्याबरोबर मोठ्याने रडत होते. ओस्मोनकुलही त्या रांगेत उभे राहिले. दुय्शो शेजारी होता.

"तोंड का असं? सादिर मेलाय, तू नाहीस."

"पोट दुखतंय."

"काल चरबी हाणलीस ना. मी बघत होतो."

'पोट दुखतंय' ही सबब तिथेच तयार झाली. घरी आल्यावर ओस्मोनकुल यांनी तीच वापरली.

संध्याकाळी बेगायिम कामावरून आली तर सासरे भिंतीकडे तोंड करून निजलेले. झूरा गरम मिठाची पुरचुंडी घेऊन बसली होती.

"सासूबाई, काय होतंय मामंजींना?"

"पोट दुखतंय म्हणतात. मयताच्या घरचं मटण."

"उलटी?"

"नाही."

"शौचाला?"

झूराने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने भिंतीकडे. "झालं म्हणे," झूरा म्हणाली.

बेगायिमने हात धुतले, चोळून त्यांत ऊब आणली आणि सदऱ्यावरूनच पोट चाचपलं. बेंबीच्या वर मऊ. खाली उजवीकडे हात नेला तेव्हा सासऱ्यांनी श्वास रोखल्याचं तिला जाणवलं. पण तिथे शेला सुरू होत होता. दवाखान्यातला कुणीही म्हातारा असता तर तिने न विचारता शेला सोडला असता. त्याला उभं करून खोकायला लावलं असतं. हे शिकाऊ डॉक्टरांना ती स्वतः सांगायची: पोट दुखतंय म्हणणाऱ्याच्या जांघा बघितल्याशिवाय त्याला सोडायचं नाही.

तिने हात मागे घेतला. "उद्या दवाखान्यात आणा त्यांना. रक्त तपासू."

"सांग तिला, उद्या बरं वाटेल," ओस्मोनकुल भिंतीला म्हणाले.

सकाळी अंगात ताप होता. चालताना ते एका बाजूला वाकत होते. मिर्लानने गाडी काढली. तपासणीच्या खोलीत परिचारिकेने शेला सोडला, त्याखालचा पट्टा सोडला, नमद्याची गादी बाजूला झाली. जांघेतला फुगवटा आता मुठीएवढा होता, लाल, गरम, दगडासारखा. वरची कातडी ताणून चकाकत होती.

बेगायिम दारात उभी होती. पट्ट्याकडे तिचं लक्ष गेलं. शिवण बारीक, सारखी. तशी शिवण गावात एकाच बाईची होती.

"सासूबाई, हे किती वर्षांपासून?"

झूराने रुमालाचं टोक तोंडाला लावलं. "तू आलीस त्याच्या आधीपासून."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला कसं सांगणार? तू सून."

मोठे सर्जन कासिम डॉक्टर प्रांताच्या गावी गेले होते आणि मागे घाट बर्फाने बंद झाला होता. यंत्रं लावली होती, पण रस्ता कधी मोकळा होईल ते कुणी सांगत नव्हतं. फोनवर कासिम डॉक्टर म्हणाले, "अडकलेला हर्निया आहे, वाट कसली बघताय? सुरू करा." ते बरोबर होतं. आतडं अडकलं असेल तर सडायला वेळ लागत नाही. बेगायिमला फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. आतडं अडकलं असतं तर उलट्या झाल्या असत्या, पोट फुगलं असतं. तसं काही नव्हतं.

ओस्मोनकुल यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "घाट उघडेल. थांबू."

"बाबा, थांबायला वेळ नाही," मिर्लान म्हणाला.

"तू गप्प बस. तुझी बायको माझ्यावर... लोक काय म्हणतील? तुला बाजारात चालता येईल?"

मिर्लान गप्प बसला. पुढे त्याने स्वतः कबूल केलं की वडिलांचं म्हणणं ऐकून त्या क्षणी त्यालाही बाजारच दिसला होता.

बेगायिम आत आली. रुमालाऐवजी डोक्यावर हिरवी टोपी होती. ती वाकली नाही. सासूकडेही पाहिलं नाही.

"मामंजी, काल मी शेला सोडायला हवा होता. लाजले, म्हणून सोडला नाही. आज लाजले तर तुम्ही मराल."

इतकं लांब वाक्य ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलली होती.  ओस्मोनकुल छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हातारे, सांग तिला, माझं तोंड झाका म्हणावं."

"जिवंत माणसाचं तोंड झाकतात का?" झूरा रडायला लागली.

"झाका."

भूल कमरेखाली द्यायची होती, त्यामुळे ते जागे राहणार होते. भूल देणारा तिलेक हा मोकळ्या तोंडाचा माणूस. त्याने छातीपाशी पडदा लावला आणि सांगितलं, "काका, पडदा आहे की. तुम्हाला ती दिसणार नाही."

"मी तिला दिसणार नाही असं काहीतरी कर."

तिलेकने स्वच्छ टॉवेल घडी करून त्यांच्या डोळ्यांवर ठेवला, नाक मोकळं सोडून. त्यापुढची सगळी शस्त्रक्रिया ओस्मोनकुल यांनी ऐकली. हीच बाई घरी भांड्याचा आवाज होऊ देत नसे. इथे ती एका शब्दात हुकूम सोडत होती आणि माणसं पळत होती. नाव विचारून खात्री करून घ्यायची वेळ आली तेव्हा ती थांबली. नाव परिचारिकेने वाचलं. बेगायिम फक्त "हो" म्हणाली.

हर्नियाची पिशवी उघडली तेव्हा आधी पू आला. मग तिलेक पडद्यावरून डोकावला.

"हे आतडं नाही."

"नाही," बेगायिम म्हणाली. "अपेंडिक्स आहे."

"इथे?"

"इथे."

अपेंडिक्स पोटात असतं. क्वचित ते जांघेतल्या हर्नियाच्या पिशवीत उतरतं. शंभर हर्नियांमध्ये एखादा तरी असा निघेल की नाही, शंका. त्यातही ते सुजलेलं सापडणं आणखी दुर्मीळ. बरेच सर्जन हे पुस्तकात वाचून निवृत्त होतात. ओस्मोनकुल यांचं अपेंडिक्स बोटाएवढं जाड झालं होतं आणि टोकाला काळं पडलं होतं. मुळाशी मात्र निरोगी होतं. पू पिशवीतच राहिला होता, पोटात पसरला नव्हता. बेगायिमने त्याच छेदातून अपेंडिक्स काढलं, जागा धुतली.

निरोगी असतं तर ते तसंच आत सरकवून पोटाच्या भिंतीला कृत्रिम धाग्याची जाळी लावता आली असती. जाळी टिकते. पण पू झालेल्या जागी जाळी लावली तर तीच सडते. म्हणून तिने त्यांच्याच स्नायूंची भिंत टाक्यांनी ओढून शिवली. जुनी पद्धत, उसवायची भीती जास्त.

"काका, झालं," तिलेक म्हणाला. "टॉवेल काढू?"

"ती गेली का?"

"गेली."

"मग काढ."

जखमेची पट्टी बदलायला बेगायिम स्वतः गेली नाही, परिचारिकेला पाठवलं. घाट उघडून कासिम डॉक्टर परतले. नोंद वाचून त्यांनी तिचं कौतुक केलं, मग चष्म्यावरून पाहिलं. "आदल्या संध्याकाळी तुम्ही तपासलं होतं ना? गाठ लागली नाही हाताला?"

"मी तिथे हातच लावला नाही, सर."

त्यांनी पुढे विचारलं नाही. ते स्वतः गावचेच होते. ओरड्यापेक्षा तिला ते न विचारणंच जास्त लागलं.

घरी आल्यावर जुनी घडी बसेना. बेगायिम सकाळी वाकायची, ओस्मोनकुल खिडकीकडे बघायचे. चहा ते घोड्याच्या खोपटात नेऊन पिऊ लागले. 'म्हातारे, सांग तिला' हेसुद्धा बंद झालं. झूराने तो पट्टा चुलीत घातला. नमद्याचा जळका वास दोन खोल्यांत पसरला आणि सगळ्यांना कळलं काय जळतंय ते. मिर्लान दवाखान्याजवळ खोली भाड्याने बघू लागला. कारण हिवाळ्यातला रस्ता, असं तो सांगायचा.

एक दिवस स्वयंपाक करताना बेगायिम सासूला म्हणाली, "मामंजींना सांगा, जड उचलायचं नाही. तुंदुक तर नाहीच. जाळी नाही आत, नुसते टाके आहेत."

झूराने सांगितलं. ओस्मोनकुल यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

वसंतात दुय्शोच्या नातवाचं लग्न ठरलं. अंगणात जाळीच्या भिंती उभ्या होत्या, वासे मांडून ठेवले होते. बायका दोऱ्या सोडवत बसल्या होत्या, त्यांत बेगायिमही होती. दुय्शोने काठी पुढे केली.

"ये रे. का सुनेला विचारून येतोस?"

लोक हसले. जोडीदाराच्या थट्टेवर रागवायचं नसतं.

"त्याला नको सांगू," दुसरा कुणी म्हणाला. "सुनेने शिवलंय. उसवलं तर तिलाच पुन्हा बघावं लागेल."

हसणं वाढलं.  बेगायिम दोरी हातात घेऊन उभी राहिली. अंगणभर हाक मारावी तर सासऱ्याचं नाव तिला घेता येत नव्हतं, आणि 'मामंजी, नका' असं एवढ्या पुरुषांसमोर म्हणणं म्हणजे जे लोक बोलत होते त्यावर शिक्का मारणं. ती उभीच राहिली.

ओस्मोनकुल यांनी काठी घेतली. तुंदुक वर गेलं, स्थिर राहिलं, वासे बसले. काठी जमिनीला टेकली नाही तोच त्यांचा डावा हात शेल्याकडे गेला आणि लगेच परत आला. वर आभाळाकडे बघायचं त्या दिवशी ते विसरले. बेगायिमने तो हात पाहिला होता. घरी ती काही बोलली नाही.

गाठ या खेपेला डावीकडे होती. उजवीकडचे टाके टिकले होते. अक्रोडाएवढी, मऊ, आडवं झालं की आत जाणारी, सगळं पहिल्यासारखं. रात्री झूराच्या हाताला ती लागली तेव्हा ती अंधारात उठून बसली.

"पट्टा शिवणार नाही मी. सांगून ठेवते."

"मागितला कुणी?"

"मग?"



ओस्मोनकुल दवाखान्यात गेले ते बाजाराच्या दिवशी, जेव्हा बाहेरच्या बाकांवर अर्धा तालुका बसलेला असतो. मिर्लानला सांगितलं नाही, बसने गेले. चांगली टोपी घातली होती. मेंढपाळ, गरोदर बायका, हाताला पट्टी बांधलेला एक ड्रायव्हर यांच्यामध्ये ते बसले. ओळखीच्या एकाने विचारलं, "इकडे कुठे, सुनेला भेटायला?"

"दाखवायला."

"काय?"

"हर्निया," ओस्मोनकुल म्हणाले. मान खाली होती, पण आवाज बाकाच्या टोकापर्यंत गेला. विचारणारा आपल्या बुटांकडे बघू लागला.

त्यांचा क्रमांक आला. बेगायिम टेबलामागे होती. त्यांना पाहून ती उठली, सवयीने वाकली आणि मग तिच्या लक्षात आलं की इथे ती वाकत नाही. परिचारिका कपाटात काहीतरी शोधू लागली.

"कासिम सर आज आहेत, मामंजी. शेजारच्या खोलीत. ते बघतील, मी सांगते त्यांना."

ओस्मोनकुल टोपी हातात फिरवत उभे राहिले. सांगायला तिथे झूरा नव्हती. खोलीत तिसरं कुणी नव्हतंच, परिचारिकेची पाठ सोडली तर.

"डावीकडे," ते म्हणाले. "जांघेत. दुय्शोकडच्या लग्नात आली. तू नको सांगितलं होतंस." मग, "तूच बघ."

तिने हात धुतले. ऊब यायला एकमेकांवर चोळले.

"शेला सोडा."

ओस्मोनकुल यांनी तो स्वतः सोडला. गाठ लवकर सुटेना. बेगायिम मदतीला पुढे झाली नाही, थांबली. शेला खाली पडला. ते भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिच्याही.

"उभेच राहा. मान वळवा तिकडे. आता खोका."

ते हळूच खोकले, पाहुण्यांसमोर खोकावं तसं.

"असं नाही, मामंजी. जोरात."